'तुंबुका' म्हणजे कोण, काय आणि कुणाची भाषा?

इंग्रजी शब्दकोशात 'तुंबुका' हा शब्द पाहिला तर मुख्य अर्थ दोनच सापडतात. एक, आफ्रिकेतल्या मलावी आणि झांबिया या देशांत राहणारा एक समाज, किंवा त्या समाजातली व्यक्ती. दुसरा, त्या लोकांची भाषा. शिवाय तो विशेषण म्हणूनही चालतो: तुंबुका गाणी, तुंबुका गाव, तुंबुका वैदू. कोशाचं काम इथे संपतं. वाचणाऱ्याचं मात्र संपत नाही, कारण 'त्या लोकांची भाषा' हे शब्द दिसतात तितके सरळ नाहीत. तुंबुका बोलणारे कितीतरी लोक स्वतःला तुंबुका म्हणवत नाहीत. आणि आज जे अभिमानाने तुंबुका म्हणवतात, त्यांच्यातल्या अनेकांचे खापरपणजोबा स्वतःची ओळख हेंगा, कामांगा, फोका अशा वेगवेगळ्या नावांनी सांगत. ही सगळी माणसं एका नावाखाली कशी आली ते कळलं, की इंग्रजी मजकुरात हा शब्द भेटल्यावर त्याचा नेमका अर्थ लावता येतो.

आणि तो आता मराठी माणसालाही भेटू लागला आहे. जून २०२४ मध्ये गूगलने आपल्या भाषांतर सेवेत एकदम ११० भाषा वाढवल्या, त्यांत तुंबुका होती. त्याआधी २०२२ मध्ये मेटा कंपनीने दोनशे भाषांसाठी जी भाषांतर प्रणाली जाहीर केली, तिच्यातही ती होती. तिथे तिची खूण आहे टी-यू-एम, भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला तिचा तीन अक्षरी संकेत. विकिपीडियाचीही एक आवृत्ती या भाषेत आहे.

आधी नकाशा. मलावी हा उत्तर-दक्षिण पसरलेला चिंचोळा देश आहे आणि त्याची पूर्वेची बाजू बरीचशी मलावी सरोवराने व्यापली आहे. सरोवराच्या पश्चिमेला, देशाच्या उत्तर भागात, म्झिंबा आणि रुम्फी हे जिल्हे, करोंगाचा दक्षिणेकडचा भाग आणि म्झुझू हे शहर, हा तुंबुका भाषेचा मुख्य मुलूख. न्यिका नावाचं उंच, थंड हवेचं पठार याच भागात येतं. सीमा ओलांडून पश्चिमेला गेलं की झांबियाच्या पूर्वेकडचे लुंडाझी आणि चामा हे भाग लागतात. तिथेही हीच भाषा आहे. थोडे लोक टांझानियाच्या दक्षिणेतही आहेत. मलावीच्या २०१८ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी भरली, आणि त्यांतल्या ९.२ टक्के लोकांनी आपला समाज 'तुंबुका' असा सांगितला. म्हणजे साधारण १६ लाख माणसं. भाषा बोलणारे यापेक्षा जास्त आहेत. का, ते पुढे येईलच.

उच्चार आणि शब्दाची घडण

उच्चारात जोर मधल्या अक्षरावर असतो: 'तुंबूऽका'. इंग्रजी कोशही तसाच उच्चार देतात आणि मूळ भाषेतही तसंच आहे. तुंबुका बोलताना शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर लांबतं आणि आवाज तिथे वरून खाली उतरतो. ही सवय एकदा कानात बसली की आडनावंही नीट म्हणता येतात: गोंऽद्वे, मुन्थाऽली, न्यिरेंऽडा.

यात एक गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना फार महत्त्वाची वाटते. तुंबुका ज्या कुळातली आहे त्या बांटू या आफ्रिकेतल्या मोठ्या भाषाकुळातल्या बहुतेक भाषांमध्ये स्वराच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो. एकच शब्द वरच्या पट्टीत म्हटला तर एक अर्थ, खालच्या पट्टीत म्हटला तर दुसरा. तुंबुकात हे जवळजवळ उरलेलं नाही. सगळ्याच शब्दांना तोच एक ठरावीक चढ-उतार मिळतो, त्यामुळे त्याने अर्थाचा फरक पडत नाही. शेकडो बांटू भाषांत अशा भाषा मोजक्याच आहेत, म्हणून भाषाशास्त्राच्या इंग्रजी लेखांत 'तुंबुका' हे नाव तिच्या आकाराच्या मानाने बऱ्याचदा येतं.

आता शब्दाची घडण. मूळ भाषेत नुसतं 'तुंबुका' सहसा म्हटलं जात नाही, आधी एक उपसर्ग लागतो. एक माणूस असेल तर 'मुतुंबुका'. अनेक असतील तर 'वातुंबुका'. भाषा असेल तर 'चितुंबुका'. इंग्रजी हा उपसर्ग काढून टाकते आणि उरलेला गाभा तिन्ही कामांना वापरते. हे तुंबुकापुरतं नाही. किस्वाहिलीचं स्वाहिली झालं, इसिझुलूचं झुलू झालं, चिचेवाचं चेवा झालं. यामुळे इंग्रजी वाक्यात शब्द माणसाबद्दल आहे की भाषेबद्दल, हे फक्त आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवावं लागतं. 'शी स्पीक्स तुंबुका' म्हणजे ती तुंबुका भाषा बोलते. 'शी इज तुंबुका' म्हणजे ती तुंबुका समाजाची आहे. पहिल्या वाक्यावरून दुसरं खरं ठरत नाही, आणि मलावीच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे.

आपल्याला हा घोळ परका नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले इंग्रज 'महरट्टा' हा एकच शब्द लोक, सैन्य, राज्य आणि भाषा या सगळ्यांसाठी सर्रास वापरत. मराठा आणि मराठी हे दोन वेगळे शब्द इंग्रजीत रुळायला बराच काळ गेला. जुन्या इंग्रजी कागदांतला 'महरट्टा' नेमका कुणाबद्दल आहे, हे ठरवताना आपण जी काळजी घेतो, तीच 'तुंबुका'च्या बाबतीत घ्यायला हवी.

उपसर्गांची ही पद्धत नुसत्या नावापुरती नाही, सगळं व्याकरण तिच्यावर उभं आहे. 'मुन्थु' म्हणजे माणूस, 'वान्थु' म्हणजे माणसं. 'चिन्थु' म्हणजे वस्तू, 'विन्थु' म्हणजे वस्तू अनेकवचनी. आणि नामाचा उपसर्ग बदलला की त्याच्याशी जोडलेले शब्दही बदलतात: 'म्वाना वाने' म्हणजे माझं मूल, पण अनेकवचन झालं की नाम आणि 'माझं' दोन्ही एकदम बदलतात. मराठी माणसाला हे समजायला सोपं जातं, कारण 'माझा मुलगा, माझी मुलगी, माझे मुलगे' करताना आपणही नामाच्या मागे बाकीचे शब्द फिरवतो. फरक एवढाच की आपण ते शब्दाच्या शेवटी करतो, तुंबुका ते शब्दाच्या सुरुवातीला करते. आणि आपल्याकडे लिंगं तीन, तर तिच्याकडे नामांचे वर्ग डझनाहून जास्त.

वर 'वान्थु' लिहिलं, त्यातला 'व' हा आपला साधा 'व' नाही. जिभेची ठेवण 'ई' म्हणताना असते तशी ठेवायची आणि ओठ एकमेकांजवळ आणून 'व' काढायचा. रोमन लिपीत हा ध्वनी दाखवण्यासाठी डब्ल्यूच्या डोक्यावर छोटी टोपी काढतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत त्याच जागी कधी 'बी' दिसतो, कधी साधा 'डब्ल्यू'. म्हणून 'बातुंबुका', 'वातुंबुका', 'अतुंबुका' अशी नावं वेगवेगळ्या ठिकाणी सापडली तर त्या वेगळ्या जमाती समजू नयेत.

बाकीचे उच्चार मराठी जिभेला इंग्रजीपेक्षा सोपे आहेत. थ, ख, फ हे महाप्राण ध्वनी तुंबुकात खरेखुरे आहेत, आणि इंग्रजीत वाढलेल्या माणसाला जिथे अडतं तिथे आपण सहज पुढे जातो. त्याहून आनंदाची गोष्ट म्हणजे 'ङ'. आपण तो मुळाक्षरांत पाठ करतो आणि पुढे स्वतंत्रपणे क्वचितच वापरतो. तुंबुकात तो शब्दाच्या सुरुवातीला येतो. गायी-गुरांना 'ङोंबे' म्हणतात. ढोल म्हणजे 'ङोमा', आणि मका म्हणजे 'विङ्गोमा', ज्याचा गाभा 'ङ्गोमा' आहे. 'ङो' आणि 'ङ्गो' यांतला हा फरक रोमन लिपीत एका वरच्या स्वल्पविरामावर टांगलेला असतो, आणि घाईत तो स्वल्पविराम गळतो. देवनागरीत तो असा अगदी स्वच्छ दिसतो.

बोलण्यातली रीतही ओळखीची वाटते. 'इवे' म्हणजे तू, 'इम्वे' म्हणजे तुम्ही. वडीलधाऱ्याला किंवा अनोळखी माणसाला, तो एकटा असला तरी, 'इम्वे'च म्हणायचं. सकाळी भेटल्यावर विचारतात, 'म्वावुका उली?' म्हणजे कसे उठलात? उत्तर येतं, 'तावुका मकोरा', आम्ही चांगले उठलो. एकटा माणूसही 'आम्ही' म्हणतो. आभार मानायचे तर 'येवो'. आणि नकार वाक्याच्या शेवटी: 'न्खुमान्या यायी', मला माहीत नाही. आपलं 'नाही' जिथे बसतं तिथेच त्यांचं 'यायी' बसतं.

जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांची भाषा घेतली

मघाचा प्रश्न राहिला होता: तुंबुका बोलणारे सगळे तुंबुका का नाहीत? याचं उत्तर म्झिंबा जिल्ह्यात आहे, आणि मला या सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी या भागात मोठं राज्य नव्हतं. छोटी छोटी कुळं, आपापले प्रमुख, शेती, थोडी शिकार. सुमारे १७८० च्या आसपास सरोवराच्या पूर्वेकडून काही व्यापारी आले. लोकांनी त्यांना 'वालोवोका' म्हटलं, म्हणजे पलीकडून पाणी ओलांडून आलेले. त्यांना हस्तिदंत हवा होता. बदल्यात ते कापड, मणी आणि लोखंडी कुदळी देत. त्यांच्या म्होरक्याने न्खामांगा भागात सोयरिकी केल्या, स्थानिक प्रमुखांशी संबंध जोडले आणि हळूहळू एक घराणं उभं राहिलं: चिकुलामायेंबे. या नावातल्या 'मायेंबे'चा अर्थच कुदळी.

मग दक्षिणेकडून वादळ आलं. आजच्या दक्षिण आफ्रिकेत झुलू सत्तेच्या उदयाच्या काळात जी उलथापालथ झाली, तिच्यातून झ्वांगेंदाबा नावाचा सेनापती आपले लोक घेऊन उत्तरेकडे निघाला. नोव्हेंबर १८३५ मध्ये, सूर्यग्रहणाच्या दिवशी, त्यांनी झांबेझी नदी ओलांडली. हे न्गोनी. झ्वांगेंदाबा पुढे आजच्या टांझानियात वारला, त्याचे लोक अनेक गटांत फुटले, आणि त्यांतला म्बेल्वाचा गट १८५५ च्या सुमारास म्झिंबाच्या पठारी मुलखात येऊन स्थिरावला. त्यांच्या शिस्तबद्ध पलटणींपुढे तुंबुका कुळांचा टिकाव लागला नाही. चिकुलामायेंबे घराण्याची सत्ता संपली. तरुणांना न्गोनी पलटणींत घेतलं गेलं, बायकांना न्गोनी घरांत नेलं गेलं. उठाव झाले. काही हेंगा उत्तरेला करोंगाकडे निघून गेले. १८८० च्या आसपास बाझा दोकोवे या तुंबुका प्रमुखाने होरा डोंगरावर आश्रय घेऊन लढा दिला आणि तो मोडून काढला गेला.

यानंतर भाषेचं काय व्हायला हवं होतं? राज्यकर्त्यांची भाषा पसरायला हवी होती. झालं उलटंच. न्गोनी संख्येने थोडे होते आणि वाटेत गोळा केलेल्या अनेक जमातींचे लोक त्यांच्यात मिसळलेले होते. घरात मुलांना वाढवणाऱ्या स्त्रिया मोठ्या प्रमाणात तुंबुका होत्या. मूल आईकडून जे ऐकतं तेच बोलतं. दोन-तीन पिढ्यांत न्गोनी भाषा दरबारापुरती, जुन्या माणसांपुरती आणि युद्धगीतांपुरती उरली, आणि न्गोनी मुलं एकमेकांशी तुंबुकात बोलू लागली. आज म्झिंबातल्या न्गोनींचा राजा म्बेल्वाच्याच पदावर बसतो, 'इन्कोसी' हे न्गोनी पदनाम लावतो, पुरुष 'इंगोमा' हा न्गोनी नाच तितक्याच त्वेषाने नाचतात, समाज स्वतःला अभिमानाने न्गोनी म्हणवतो, आणि घरी बोलतो तुंबुका. मलावीच्या जनगणनेत तो न्गोनी म्हणून मोजला जातो. भाषकांच्या हिशोबात तो तुंबुका.

म्हणून इंग्रजी लेखात 'तुंबुका-स्पीकिंग' असं लिहिलेलं आढळलं तर ते 'तुंबुका' म्हणून वाचू नये. लेखकाने तो शब्द बहुधा विचार करूनच निवडलेला असतो.

नाव मोठं कसं झालं

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं लिव्हिंगस्टोनिया मिशन १८७५ मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाला आलं. तिथून ते १८८१ मध्ये बंदावेला आणि १८९४ मध्ये खोंडोवेच्या उंच कड्यावर गेलं, जिथे डॉ. रॉबर्ट लॉज यांनी मोठी शिक्षणसंस्था उभारली. न्गोनींमध्ये या मिशनचं काम सुरू करणारा माणूस स्कॉटिश नव्हता. विल्यम कोयी हा दक्षिण आफ्रिकेतला खोसा होता. खोसा आणि न्गोनी भाषा जवळच्या असल्याने त्याला म्बेल्वाच्या दरबारात थेट बोलता आलं. म्हणूनच मिशनने सुरुवातीला न्गोनी भाषेवर मेहनत घेतली आणि तिचं व्याकरणही तयार केलं. पण शाळेत येणारी मुलं तुंबुका बोलत होती. मिशनने ते ओळखलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकं, बायबलची भाषांतरं, स्तोत्रं तुंबुकात होऊ लागली. डोनाल्ड फ्रेझर यांच्या ठाण्यावर तर स्थानिक लोकांनी आपल्याच चालींवर स्तोत्रं रचली.

छापील पुस्तक आलं की भाषेला एक ठरलेलं लेखन मिळतं, आणि एक ठरलेलं नावही. हेंगा, कामांगा, फोका, चामाकडचे सेंगा, हे सगळे आपापल्या ढंगात बोलत होते. आता त्या सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक होतं आणि त्यावर एकच नाव. मिशनरी टी. कलन यंग यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत या लोकांच्या भाषेवर, चालीरीतींवर, इतिहासावर इंग्रजीत लिहिलं. त्यांच्या पुस्तकांच्या नावांत 'तुंबुका-हेंगा' आणि 'तुंबुका-कामांगा' अशी जोडनावं दिसतात. म्हणजे नुसतं 'तुंबुका' तेव्हा पुरेसं वाटत नव्हतं. पुढे जोडनावातला दुसरा भाग गळला आणि छत्रीसारखं एक नाव उरलं.

हे सगळं फक्त गोऱ्या लोकांनी केलं असं मात्र समजू नये. मिशनच्या शाळांतून शिकलेले स्थानिक शिक्षक आणि पाद्री यात पुढे होते. सॉलोस न्यिरेंडा यांनी आपल्या लोकांचा इतिहास स्वतः लिहून काढला, आणि तो १९३१ मध्ये इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध झाला. याच शिकलेल्या पिढीने चिकुलामायेंबे घराण्याची बाजू लावून धरली. १९०७ मध्ये ब्रिटिशांनी त्या घराण्यातल्या चिलोंगोझी गोंद्वे यांना पुन्हा प्रमुखपदी बसवलं. त्यानंतर जुन्या राज्याच्या विस्ताराच्या कथाही वाढत गेल्या, आणि एका व्यापारी घराण्याचा प्रभाव हळूहळू 'तुंबुका साम्राज्य' म्हणून सांगितला जाऊ लागला. इतिहासकार लेरॉय वेल यांनी १९७० च्या दशकात या कथेची बारकाईने तपासणी केली आणि त्या साम्राज्याचा पसारा नंतरच्या काळात फुगवलेला आहे, असं मांडलं. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण त्या शिक्षकांनी असं का केलं तेही मला समजतं. न्गोनी सत्तेखाली दोन पिढ्या काढलेल्या लोकांना, आपलाही एक राजा होता, हे सांगण्याची गरज होती.

१९६८: भाषा रेडिओवरून उतरली

मलावी ६ जुलै १९६४ रोजी स्वतंत्र झाला. १९६८ मध्ये सत्तेवरच्या मलावी काँग्रेस पार्टीच्या अधिवेशनात ठरलं की न्यांजा भाषेला यापुढे 'चिचेवा' म्हणायचं आणि तीच राष्ट्रभाषा. राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज कामुझू बांडा स्वतः चेवा होते. त्यांचं धोरण होतं, एक राष्ट्र, एक भाषा. त्याच वर्षी तुंबुका शाळेच्या अभ्यासक्रमातून गेली, राष्ट्रीय रेडिओवरून गेली, वर्तमानपत्रांतून गेली. बांडा जाहीर सभांत इंग्रजीत बोलत आणि शेजारी उभा दुभाषा ते चिचेवात सांगे. उत्तरेतल्या ज्या मुलांच्या आजोबांनी मिशनच्या शाळेत तुंबुकात वाचायला शिकून घेतलं होतं, त्या मुलांना आता पहिलं अक्षर दुसऱ्याच भाषेत गिरवावं लागलं.

याचा परिणाम बांडांना हवा होता त्याच्या उलट झाला. उत्तरेतले न्गोनी, हेंगा, फोका, तुंबुका, जे एरवी आपसांत भांडत, ते 'आपली भाषा काढून घेतली' या एका दुखण्याने जवळ आले. १९८९ मध्ये बांडांनी उत्तरेकडच्या शिक्षकांना देशाच्या इतर भागांतून उचलून आपल्या प्रदेशात परत पाठवण्याचा आदेश काढला, तेव्हा ही भावना आणखी घट्ट झाली. या काळातल्या इंग्रजी राजकीय लेखनात 'तुंबुका' हा शब्द कित्येकदा 'उत्तरेचा माणूस' एवढ्याच अर्थाने येतो. तिथे तो समाजाचं नाव उरत नाही, प्रदेशाची खूण होतो. वाचताना सन पाहावा. १९६८ ते १९९४ मधला मजकूर असेल तर हा अर्थ आधी तपासावा.

१९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या, बांडा हरले, आणि तुंबुका पुन्हा राष्ट्रीय रेडिओवर आली. १९९६ मध्ये शिक्षण खात्याने पहिली ते चौथी मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण जाहीर केलं. पण शिक्षक, पुस्तकं, छपाई यांची तयारी त्या मानाने झाली नाही, आणि २६ वर्षांत मोडलेली साखळी एका परिपत्रकाने जुळत नाही. आजही तुंबुकात छापील पुस्तकं थोडीच आहेत.

झांबियात वेगळीच अडचण आहे. तिथे बेंबा, न्यांजा, टोंगा, लोझी, लुंडा, लुवाले आणि काओंडे या सात प्रादेशिक भाषांना शाळा आणि प्रसारणात अधिकृत स्थान आहे. तुंबुका त्यांत नाही. लुंडाझीचं मूल घरी तुंबुका बोलतं आणि शाळेत न्यांजा शिकतं.

विंबुझा

'तुंबुका' हा शब्द जगाच्या कानावर पडतो तो बऱ्याचदा एका नाचामुळे. विंबुझा हा तुंबुका लोकांमधला उपचाराचा नाच आहे. मनाचं किंवा शरीराचं एखादं दुखणं आत्म्यांनी पछाडल्यामुळे झालं आहे असं मानतात, तेव्हा रुग्णावर काही आठवडे, कधी काही महिने उपचार चालतात, आणि त्यांचा गाभा असतो ढोलाच्या तालावर रात्रभर केलेला नाच. उपचार करणाऱ्याला 'न्चिमी' म्हणतात. रुग्ण बहुतांश स्त्रिया असतात, आणि गाणी म्हणून ढोलाला साथ देणाऱ्याही स्त्रियाच. प्रत्येक आत्म्याचा ताल वेगळा असतो आणि तो बरोबर सापडेपर्यंत ढोल वाजवणारा शोधत राहतो. विंबुझाची वाढ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, म्हणजे न्गोनी आक्रमणाच्याच काळात झाली. पुढे इंग्रज राज्यात मिशनऱ्यांनी तो बंद पाडण्याचा प्रयत्न केला. युनेस्कोने २००५ मध्ये त्याचा गौरव केला आणि २००८ मध्ये तो मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला. संगीत आणि वैद्यक यांच्या अभ्यासात 'तुंबुका हीलिंग' असा शब्दप्रयोग आढळला तर विषय बहुधा हाच असतो.

सारखा दिसणारा, पण दुसराच शब्द

आफ्रिकेवरच्या इंग्रजी मजकुरात 'तुंबुका' दिसलं म्हणजे ते मलावीचंच असेल असं नाही. झिंबाब्वेच्या शोना भाषेत 'तुंबुका' म्हणजे फुलणे, आणि हरारेमध्ये या नावाची एक नामांकित नृत्यसंस्था आहे. तिचा तुंबुका समाजाशी संबंध नाही. स्वाहिलीत 'तुंबुका' म्हणजे आपोआप फुटणे, जसं गळू फुटतं. त्याच घरातलं 'तुंबुआ' म्हणजे फोडणे. आपल्याकडे 'फुटणे' आणि 'फोडणे' अशी जोडी आहे, तशीच ही बांटू भाषांतली जोडी. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली २०१५ नंतर भ्रष्ट अधिकाऱ्यांना घालवताना 'कुतुंबुआ माजिपू', म्हणजे गळवं फोडणे, असं म्हणत, आणि ते शब्द देशभर प्रत्येकाच्या तोंडी झाले. शब्द इतके जवळचे असले तरी त्यांवरून समाजाच्या नावाची व्युत्पत्ती रचू नये. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही.

वापरताना

इंग्रजीत लिहायचं तर पहिलं अक्षर मोठं. अनेकवचन 'तुंबुका' असंच ठेवलं तरी चालतं आणि शेवटी 'एस' लावूनही चालतं. मलावीतली वर्तमानपत्रं दुसरं रूप बरंच वापरतात, अभ्यासग्रंथ पहिलं पसंत करतात. 'तुंबुकन' असं रूप इंग्रजीत नाही, ते करू नये. भाषेबद्दल लिहिताना मलावीत 'चितुंबुका' हेच जास्त चालतं, आणि 'चितुंबुका लँग्वेज' म्हटलं तर 'भाषा' दोनदा येते, कारण 'चि'मध्ये ती आधीच आहे. तिला कुणाचीही बोली म्हणू नये. चिचेवा तिची शेजारीण आहे, आई नव्हे. आणि 'ट्राइब' या शब्दाऐवजी 'पीपल' लिहावं. आजचे बहुतेक संपादक तेच करतात, आणि सोळा लाखांच्या समाजाला 'टोळी' म्हणण्यात काही अर्थही नाही.

मराठीत मी 'तुंबुका' असं, 'त' आणि अनुस्वार घेऊन लिहितो. 'टुंबुका' लिहिण्याचं कारण नाही, कारण मूळ ध्वनी आपल्या 'त'च्या जवळचा आहे. इंग्रजीतून आलेला प्रत्येक टी 'ट' करण्याची आपली सवय इथे सोडावी. लोकांसाठी 'तुंबुका लोक' किंवा 'तुंबुका समाज', भाषेसाठी 'तुंबुका भाषा' किंवा थेट 'चितुंबुका', एवढा फरक वाक्यातच केला की संदिग्धता राहत नाही. मलावीतल्या एखाद्या गायकाची किंवा खेळाडूची ओळख करून देताना फक्त त्याची भाषा माहीत असेल तर 'तुंबुकाभाषक' लिहावं. तो न्गोनी असू शकतो, फोका असू शकतो, सेंगाही असू शकतो.